आबांचं बत्तीस बोअर

घोडा पडला, पण बार झाला नाही.

"परत," सुभेदार म्हणाले.

मी नळी समोरच्या मातीच्या ढिगाकडेच धरून ठेवली आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजले. न उडालेलं काडतूस कधी कधी उशिरा उडतं, म्हणून घाई करायची नसते. तीस झाल्यावर पुन्हा चाप ओढला. पुन्हा तेच. तिसऱ्या काडतुसालाही तेच. घोडा पडत होता म्हणजे काय, गुडघे धरलेला म्हातारा ओट्यावरून उतरतो तसा उतरत होता.

माझ्या मागे दादासाहेब पिसाळ उभे होते. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, वर कोट, हातात मखमलीचं अस्तर लावलेली रिकामी पेटी. ते शांतपणे म्हणाले, "झालं समाधान? चला मग. थंडी फार आहे."

साताऱ्याबाहेर एका जुन्या दगडखाणीत रायफल क्लबची रेंज होती, तिथली ही गोष्ट. डिसेंबर महिना, सकाळचे सात. गवतावर दव होतं आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती. आम्ही तिघंच होतो. दादासाहेब, त्यांचा धाकटा भाऊ निवृत्त सुभेदार सर्जेराव, आणि मी उस्मान शिकलगार, हत्यारं दुरुस्त करणारा. साताऱ्यात एका परवानाधारक शेठच्या दुकानात मी चाळीस वर्षं काम केलं. त्या वेळी माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं होतं. आता दुकान नाही आणि शेठही नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

दोघा भावांत आबांच्या रिव्हॉल्व्हरवरून भांडण होतं. आबा म्हणजे त्यांचे वडील, जुने फौजदार. देश सोडून जाणाऱ्या पाचगणीच्या एका इंग्रज मास्तराकडून त्यांनी ते घेतलं होतं. बत्तीस बोअरचं, बर्मिंगहॅमचा शिक्का असलेलं, आबांआधी एकाच मालकाने वापरलेलं. मी आयुष्यात शेकडो हत्यारं उघडली, पण असा माल मोजून चार वेळा पाहिला. सिलिंडर बंद होताना होणारा आवाज ऐकूनच कळायचं, की हे बनवणाऱ्याला घरी जायची घाई नव्हती.

आबा गेल्यावर परवान्यासकट ते दादासाहेबांकडे आलं. दादासाहेब बँकेत मॅनेजर होते, आणि हत्यारं जमवायची त्यांना हौस. त्या काळच्या कायद्याप्रमाणे तीन ठेवता यायची, म्हणून त्यांच्याकडे बरोबर तीन होती. तिन्ही जुनी, तिन्ही विलायती, तिन्ही पेटीत. बघायची असली तर पांढरे सुती हातमोजे घालून बघायची. कुठल्या सालचं, कुठल्या क्रमांकाचं, पोलादावरची निळी झाक कुठे किती उडालीय, सगळं त्यांना तोंडपाठ. पण त्यांनी उभ्या आयुष्यात एक गोळी झाडली नव्हती, आणि हे ते अभिमानाने सांगायचे. "मिस्त्री, एक बार काढला की वस्तू उतरली. नव्या नवरीला भांडी घासायला बसवल्यासारखं आहे ते."

सर्जेराव याच्या उलट. फौजेत नेमबाजीची पदकं मिळवलेला माणूस. त्याच बोअरचं त्यांचं स्वतःचं एक देशी रिव्हॉल्व्हर होतं, आणि दर रविवारी ते रेंजवर त्याला घाम फोडायचे. चार महिन्यांतून एकदा ते माझ्याकडे यायचं, तेव्हा त्याची अवस्था गुऱ्हाळावरच्या बैलासारखी झालेली असायची. ते म्हणायचे, "न उडणारं हत्यार म्हंजी लोखंड. दादानं आबांचं हत्यार मारून टाकलंय. पेटीत घालून पुरलंय."

मला विचाराल तर दोघंही थोडे वेडे होते. पण माझं पोट दोघांच्या वेडावर चालत होतं, त्यामुळे मी कधी कुणाची बाजू घेतली नाही.

रेंजवरच्या त्या सकाळच्या चार वर्षं आधी त्यांच्या घरात वाटणी झाली. शेत, विहिरीची पाळी, गुरं, तांब्याचे हंडे, सगळं निम्मं निम्मं झालं. पंचांना फक्त रिव्हॉल्व्हर मधोमध कापता येईना. दादासाहेब म्हणाले, आबांनी ते माझ्या हातात देऊन 'जप' म्हणून सांगितलं. सर्जेराव म्हणाले, तू पुण्याला शिकत होतास तेव्हा आबांनी विहिरीच्या काठावर माझ्या हातात ते देऊन 'मार' म्हणून सांगितलं, आणि मी पहिल्या बारात मडकं फोडलं. दोघंही खरंच बोलत असावेत. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं बंद झालं. दोन घरांच्या मध्ये एक गोठा होता, तरी लग्नाच्या पत्रिका पोस्टाने जायच्या.

रेंजवरच्या सकाळच्या अकरा महिने आधी सर्जेराव दुकानात आले होते. मी त्यांचं रिव्हॉल्व्हर साफ करत होतो. ते स्टुलावर बसून चहा पीत हसत हसत म्हणाले, "मिस्त्री, किंक्रांतीला गंमत झाली. सकाळी सकाळी मळ्यात गेलो दादाकडं. म्हटलं, आबांचं हत्यार दे, न्हाईतर कोर्टात जातो. शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, तू आबांचा लेक न्हाईस, आबांचा कारकून हाईस. तर त्यानं मळ्यातल्या घरातनं हत्यार आणलं आणि रोखलं की माझ्यावर!"

"मग?"

"मग काय? मला हसायला आलं. म्हटलं, दादा, तुझं हत्यार म्हंजी देव्हाऱ्यातला टाक. त्याला फुलं वाहा. आणि पाठ फिरवून आलो निघून. उसाच्या पाचटावरनं कटाकटा पाय वाजवत."

मीही हसलो. दादासाहेबांना ओळखणारा कुणीही हसला असता.

त्यानंतर दसऱ्याच्या सुमारास शालनवहिनींनी, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीने, मला घरी बोलावून घेतलं. सर्जेरावांनाही निरोप होता. चार वर्षांनी दीर त्या सोप्यात आला होता. वहिनी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, ह्या दोघांचं तुम्ही मिटवा. तुम्ही ह्या विद्येतलं. हत्यार रेंजवर न्या. उडालं तर भावजींनी न्यावं. न्हाई उडालं तर हितंच राहू दे. परत त्या विषयावर कुणी तोंड उघडायचं न्हाई."

मला वाटलं, दादासाहेब उसळतील. त्यांच्या लेखी तो बार म्हणजे विटाळच. पण ते म्हणाले, "चालेल. मला मान्य आहे."

सर्जेराव थोरल्या भावाकडे बघतच राहिले. मीही. इतक्या सहज कसे कबूल झाले ते मला कळेना.

"फकस्त दुपारचं घ्या," वहिनी म्हणाल्या. "चांगलं ऊन पडल्यावर. हिवाळ्यात सकाळचं नको."

त्यांना नवऱ्याच्या खोकल्याची काळजी असणार असं मी धरलं. पण क्लबची वेळ सकाळचीच होती, दुपारी रेंज बंद असायची. तारीख मिळता मिळता डिसेंबर उजाडला. वहिनींचं म्हणणं तसंच राहून गेलं.

तर अशा रीतीने आम्ही त्या खाणीत उभे होतो आणि आबांचं हत्यार उडत नव्हतं.

सर्जेरावांनी हात पुढे केला. मी सिलिंडर उघडून त्यांचीच तीन नवी काडतुसं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून बघितली. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टोपी असते. घोडा तिच्यावर जोरात आपटला की ती पेटते आणि बार होतो. इथे तिन्ही टोप्यांवर नुसता ओझरता ठोसा बसला होता, नखाने दाबल्यासारखा, तोही मधोमध नाही, जरासा वर आणि डावीकडे.

"टोप्या कडक असतील," मी म्हणालो. "दादासाहेब, आबांच्या वेळची काडतुसं आणलीत ना?"

"आणलीत. परवान्यावर सहा लिहिलीत, सहाच आहेत." त्यांनी कोटाच्या खिशातून दंतमंजनाची जुनी पत्र्याची डबी काढून माझ्याकडे दिली. जराही न कचरता दिली, हे मला आजही आठवतं.

मी डबी हातावर उपडी केली. सहा काडतुसं. पितळ काळपट पडलेलं. सवयीने मी त्यांची बुडं वर केली. पाच टोप्या साफ होत्या. सहावीवर खूण होती. नखाने दाबल्यासारखी, जराशी वर आणि डावीकडे.

हत्याराच्या ठोशाची खूण माणसाच्या अंगठ्यासारखी असते. दुसऱ्या कुठल्या हत्याराची ती नव्हतीच. आणि आबांच्या वेळची म्हणावी तर आबांच्या काळात हे हत्यार असं लंगडत नव्हतं. शिवाय ती खूण नवीन होती, काळ्या पितळात ती चमकत होती.

मी मूठ मिटली. मला काय कळलं होतं ते मलाच नीट कळलं नव्हतं, पण मूठ मिटायला हवी एवढं कळलं. घाबरलो होतो, खरं सांगतो.

"मूठ उघडा, मिस्त्री," सर्जेराव म्हणाले.

"काही नाही, सुभेदार. जुनी काडतुसं आहेत. यांची खात्री नाही."

"उघडा म्हंतो ना."

मी उघडली. त्यांनी नेमकं तेच काडतूस उचललं, दुसऱ्या हातातल्या नव्या काडतुसाशेजारी धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. फौजेतला माणूस. त्याला मी काय सांगणार?

दादासाहेब चष्मा सावरत पुढे आले. "काय आहे?"

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. रिव्हॉल्व्हरचा एकेक आकडा पाठ असलेल्या त्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं, की बार झाला नाही तरी ठोशाची खूण राहते. कधी झाडलंच नव्हतं, तर कळणार कुठून? त्यांनी ते काडतूस काढून पुसून डबीत ठेवलं होतं, सहाची सहा भरली होती, आणि त्यांच्या दृष्टीने काही घडलं नव्हतं.

"दादा," सर्जेराव हळू आवाजात म्हणाले, "किंक्रांतीला?"

दादासाहेबांचा हात चष्म्यावरच राहिला.

"मी पाठ फिरवल्यावर?"

"हो."

"म्हंजी पाचटाचा आवाज नव्हता त्यो. एक कट् झालेलं. मला वाटलं, माझ्याच पायाचं."

त्यांनी ते काडतूस दादासाहेबांपुढे धरलं.

"किती वेळा ओढलास?"

"एकदा."

"दुसऱ्यांदा का न्हाई?"

"बोट चाललं नाही, सर्जा." मग ते भराभर बोलू लागले. "ती काडतुसं चाळीस वर्षांची आहेत. मेलेली आहेत ती. ती उडालीच नसती. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच मी... हत्यारही मेलेलंच आहे. बघितलंस ना आत्ता? तीन वेळा ओढलं मिस्त्रींनी. उडालं का? नाही ना उडालं!"

आता मला कळलं, दसऱ्याला ते इतक्या सहज कबूल कसे झाले होते. हत्यार उडत नाही हे जगात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. आणि ते उडत नाही हे चार माणसांसमोर ठरायला हवं होतं, ही त्यांची गरज होती. अकरा महिने ते त्याच आशेवर जगत होते.

सर्जेराव माझ्याकडे वळले. "मिस्त्री, घोडा का अडतोय ते सांगा मला."

"दुकानात नेऊन..."

"हितंच सांगा."

मी वाळूच्या पोत्यावर बसलो. हत्यारं उघडायचं सामान माझ्या पिशवीत असायचंच. बाजूच्या पट्टीचा स्क्रू फिरवला, पट्टी उचलली. आतली स्प्रिंग आणि घोड्याचं मूळ पांढऱ्याशुभ्र मेणासारख्या थरात बुडालेलं होतं. मी बोटावर थोडं घेतलं आणि नाकाशी नेलं. मग बोट सुभेदारांपुढे धरलं.

"खोबरेल," ते म्हणाले.

हिवाळ्यात आपल्या घराघरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतात. हत्यारात भरलेलं तेल उन्हात ठेवायचं कुणाच्या ध्यानात येणार? थंडीने ते थिजलं होतं, आणि घोडा त्यातून गाळात रुतलेल्या बैलासारखा ओढत येत होता.

"शालन," दादासाहेब पुटपुटले. "खंडेनवमीला तीच पुसते तिन्ही. पूजेआधी. मी मशीनचं तेल आणून दिलं होतं तिला. बाटली आणून दिली होती मी."

"म्हंजी हत्यार मेलेलं न्हाई," सर्जेराव म्हणाले.

त्यांनी जीपच्या बॉनेटवर फडकं अंथरलं आणि हत्यार उघड्या बाजूने उन्हाकडे करून ठेवलं. आम्ही तिघं तिथे उभे राहिलो. वहिनींनी थर्मासमधून चहा दिला होता. बराच वेळ तो कुणी उघडला नाही. मग सर्जेरावांनीच उघडला, टोपणात चहा ओतला आणि थोरल्या भावाला दिला. दादासाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला. तरी निम्मा कोटावर सांडला.

ऊन चढलं. पांढरं होतं ते पाण्यासारखं झालं. मी ते कापडाने टिपून काढलं, रॉकेलचा बोळा फिरवला, पट्टी बसवली. घोडा ओढून सोडला तेव्हा त्याचा आवाज खाणीच्या भिंतीपर्यंत गेला. इतकी वर्षं आत दडून बसलेलं हत्यार जसंच्या तसं होतं. मला बरं वाटलं. त्या वेळी बरं वाटावं अशी ती जागा नव्हती, पण वाटलं, हे लपवत नाही.

सर्जेरावांनी आपली पाच काडतुसं भरली. पाचही बार काळ्या वर्तुळात गेले. पाचव्यानंतर ते हत्याराकडे बघत म्हणाले, "आबा मागं उभं ऱ्हायचं. माझ्या मनगटाखाली हात धरून." त्यांचे डोळे भरले होते. पुसले नाहीत.

मग त्यांनी ते खूण असलेलं जुनं काडतूस भरलं, सिलिंडर फिरवून जागेवर आणलं आणि हत्यार दादासाहेबांपुढे धरलं.

"ओढ."

"सर्जा, नको."

"मेलेलं हाय म्हंतोस न्हवं? मग भ्यायचं काय त्यात? ओढ दादा. तिकडं. मातीवर."

मी मध्ये पडायला हवं होतं. रेंजवरची जबाबदारी माझी होती. पण मी पडलो नाही.

दादासाहेबांनी हत्यार घेतलं. हातमोजे न घालता ते त्यांच्या हातात असलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचा हात खाली जाऊ लागला तेव्हा सर्जेरावांनी मागे उभं राहून त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. तसंच, जसं त्यांनी आत्ता सांगितलं होतं.

बार झाला.

चाळीस वर्षांचं काडतूस नव्यासारखं उडालं. ढिगाऱ्यातून मातीचा लोट उठला आणि खाणीतले पारवे फडफडत वर गेले. दादासाहेब आहे तिथे खाली बसले. सर्जेरावांनी हत्यार वेळेवर धरलं म्हणून ते दगडावर आपटलं नाही. दादासाहेब मातीत मांडी घालून बसले होते आणि समोरच्या ढिगाकडे बघत होते. मग ते रडू लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. साठ उलटलेल्या, बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला असं रडताना बघणं फार कठीण असतं. मी पाठ फिरवून सामान गोळा करू लागलो.

सर्जेराव त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ऊठ दादा. थंडी बाधंल."

परत येताना जीप तेच चालवत होते. गाव जवळ आल्यावर मला म्हणाले, "मिस्त्री, हत्याराच्या चाचणीचा दाखला काय लिहिणार?"

"तुम्ही सांगा."

"जुनं हाय, जपून ठेवण्यासारखं हाय, असं लिवा. बार काढण्यालायक न्हाई."

मी तसंच लिहिलं. आयुष्यात खोटा दाखला मी एकदाच दिला, तो हा.

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याचा मातीने भरलेला लेंगा बघितला, मग दिराकडे बघितलं.

"उडालं का, भावजी?"

"न्हाई उडालं, वहिनी. दादाकडंच ऱ्हाऊ दे."

वहिनींच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, हे मला जरा विचित्र वाटलं. दादासाहेब आत गेले. पण माझ्यातला कारागीर काही गप्प बसेना. खोबरेलाने अशा मालाची वाट लागते. मी म्हणालो, "वहिनी, एक सांगतो. ते पुसताना खोबरेल..."

"वहिनी," सर्जेरावांनी मला मध्येच तोडलं, "तेल बदलू नका."

वहिनींनी दिराकडे एकदा नीट बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. थर्मास घेतला आणि आत गेल्या.

त्या दिवसानंतर दोघं भाऊ बोलू लागले. फार नाही, पण बोलू लागले. गोठ्यामधल्या भिंतीत एक दार पाडलं. दादासाहेबांनी आपली बाकीची दोन हत्यारं वर्षाच्या आत माझ्या शेठला विकून टाकली, आणि परत कधी मला निळ्या झाकेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. सर्जेरावांनी आबांच्या रिव्हॉल्व्हरचं नाव काढलं नाही.

नऊ वर्षांनी जानेवारीत दादासाहेब वारले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर आठवड्याने सर्जेराव आणि शालनवहिनी दुकानात आले. परवानाधारक गेल्यावर हत्यार दुकानात जमा करावं लागतं, नंतर वारसाच्या नावावर परवाना होतो. वहिनींनी दिराच्या नावे ना-हरकत लिहून दिली. त्यावर लावायला तिकीट हवं होतं, म्हणून सर्जेराव कचेरीकडे गेले. दुकानात आम्ही दोघंच उरलो.

मी पेटी उघडली. निळी झाक तशीच होती. घोडा ओढून बघितला. तो आला तसाच, म्हाताऱ्यासारखा उतरत.

"चुकलं न्हाई एक वर्सबी," वहिनी म्हणाल्या. "भावजींनी सांगितलेलं."

"वहिनी, खोबरेल थंडीत गोठतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तरी सांगून टाकावं असं वाटलं. "घोडा अडतो त्याने. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

त्या हसल्या. दुःखातल्या बाईचं हसू, पण हसू.

"भाऊ, थंडीत खोबरेल गोठतं हे बाईमाणसाला कुणी सांगाय लागतंय व्हय? बाटली रोज उन्हात कोण ठेवतं?"

मी घोडा हळूच खाली सोडला.

"वाटणी झाली त्या वर्षी हे जेवताना म्हणालं, सर्जाला गोळी घालीन एक दिवस. ताट सरकावून उठलं. ह्यांचा राग तुम्हांस्नी ठाऊक न्हाई. वर्सात एकदा यायचा, पण आला की आंधळं व्हायचं. आदल्या हिवाळ्यात मशीनचं तेल संपलेलं, तवा मी खोबरेल लावलेलं. आणि थंडीत घोडा हालंना. ते माझ्या ध्यानात होतं. मग मी मशीनच्या तेलाची बाटली शिवणाच्या मशीनला वापरली, आणि तिन्हींत खोबरेल. वतूनच."

"म्हणून तुम्ही दुपारी घ्या म्हणत होता."

"उन्हात उडंल, भावजी घिऊन जातील, एकदाचं माझ्या घरातनं जाईल, असं वाटलेलं. पर ऐकलं कुणी?"

"आणि उन्हाळ्यात, वहिनी? तेव्हा तर खोबरेल पातळ असतं."

"उन्हाळ्यात मी त्यांच्यासंगं मळ्यात जायची. पाटी घिऊन. एकटं सोडलं न्हाई कधी."

किंक्रांतीचं त्यांना माहीत होतं का, हे मला विचारायचं होतं. त्याच म्हणाल्या, "त्या किंक्रांतीला मळ्यातनं आलं, गार पाण्यानं आंघोळ केली आणि सांजपर्यंत देवघरात बसलं. मी विचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई. एवढी वर्सं झाली, आता कशाला?"

तेवढ्यात सर्जेराव तिकीट घेऊन आले. पायरी चढताना त्यांना आता दम लागत होता. कागद झाले, सह्या झाल्या. त्यांनी पेटीत डोकावून बघितलं, पण हात लावला नाही.

"मिस्त्री, साफ न्हाई ना केलं?"

मी वहिनींकडे बघितलं.

"करा की आता," वहिनी म्हणाल्या.

पिशवीत हात घालून सर्जेरावांनी एक रिकामं जुनं काडतूस काढलं, टोपीवर दोन ठोसे असलेलं, आणि माझ्या टेबलावर पेटीशेजारी ठेवलं. मग वहिनींना म्हणाले, "चला, एस्टी जाईल."

ते गेल्यावर मी रॉकेलचा डबा पुढे ओढला.